सोनिकेटरने पेशी फोडताना या चुका टाळा

पेशी आवाजाने फुटत नाहीत, बुडबुड्यांनी फुटतात. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका टळतात. सोनिकेटर म्हणजे अतिवेगाने थरथरणारी धातूची दांडी (प्रोब) द्रवात बुडवून पेशी फोडणारं यंत्र. २० किलोहर्ट्झच्या प्रोबमुळे द्रवातला दाब सेकंदाला २० हजार वेळा वर-खाली होतो. दाब उतरला की बारीक बुडबुडे फुगतात, चढला की चेपतात. चेपताना बुडबुड्याच्या पोटात क्षणभर काही हजार अंश तापमान होतं आणि भोवतीच्या द्रवाला बसणाऱ्या हिसक्याने पेशीचं आवरण फाटतं. हेच कॅव्हिटेशन.

सगळ्यात महागात पडते ती उष्णता. आमच्या जळगावात मे महिन्यात नमुन्याच्या नळीभोवतीचा बर्फ बघता बघता पाणी होतो. घाईत मी एकदा मशीन सलग तीन मिनिटं चालवलं. नळी हाताला गरम लागली, द्रव पांढरट झाला, एन्झाइम मेलं. आठवड्याची मेहनत गेली, अजून हळहळ वाटते. तेव्हापासून १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. आणि बर्फात कुल्फीवाल्यासारखं मीठ. नमुना कडेला गोठत नाही ना, तेवढं बघायचं.

फेस आला की विद्यार्थी पॉवर वाढवतात. नका वाढवू! प्रोबचं टोक वर राहिल्याने हवा आत ओढली जाते. मग ऊर्जा द्रवात शिरतच नाही आणि फेसात प्रथिनं बिघडतात. थांबा, फेस बसू द्या, टोक साधारण एक सेंटिमीटर बुडवा. नळीला मात्र टेकवू नका.

ई. कोलाय या पातळ भिंतीच्या जिवाणूची वेळ सगळ्यांना लावू नका. रावेरकडच्या केळीच्या मळ्यातल्या मातीत बॅसिलस हा जिवाणू हमखास सापडतो. त्याची भिंत जाड. आधी लायसोझाइम, म्हणजे ती भिंत पोखरणारं एन्झाइम, लावा. त्याचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) तर त्यानंतरही तग धरतात.

थांबायचं कधी? पेशी फुटू लागल्या की डीएनए बाहेर येऊन द्रवाला गुळाच्या पाकासारखी तार सुटते. पुढे तार तुटते, गढूळपणा जातो. तिथे थांबा. लांब डीएनए हवा असेल तर ही पद्धतच नको.

कानाला मफ लावा. रोगजंतू असतील तर बंद पेटीतच काम करा, कारण तुषार उडतात.

आणि प्रोबचं टोक उजेडात धरून बघत जा. हेच बुडबुडे टायटॅनियमही कुरतडतात. टोकाला खड्डे पडले असतील तर धातूचे कण नमुन्यात उतरतात आणि ताकदही कमी पडते.