मास्टर प्लॅनवर हरकत अशी घ्या

जन्म इंदूरच्या रामबागेतला आणि नोकरी नकाशे काढण्याची, त्यामुळे मास्टर प्लॅनची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याची, बातमी आली की शेजारी पेपर घेऊन माझ्याकडेच येतात. इंदूरचा 2021 सालापर्यंतचा प्लॅन 1 जानेवारी 2008 ला लागू झाला. त्याच्या मसुद्यावर मीही हरकत घेतली होती. ती वाया गेली, चूक माझीच.

आधी मुदत बघा. मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यात नव्या मसुद्यावर लेखी आपत्ती-सुझाव (म्हणजे हरकती-सूचना) द्यायला 30 दिवस आहेत. लागू असलेल्या प्लॅनमध्ये सरकार कलम 23-क खाली बदल करत असेल तर फक्त 15. जाहिरात दिसली की कापून ठेवा, वर तारीख टाका.

मग नकाशा बघायला जा. जाताना रजिस्ट्री, म्हणजे घराचं खरेदीखत, काढून खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि गावाचं नाव उतरवून घ्या. कॉलनीचं नाव काहीही असो, कागदावर ती पिपल्याहाना, बिजलपूर अशा कुठल्यातरी गावाच्या जमिनीवर असते. पिवळा रंग साधारण राहत्या वस्तीचा, निळा व्यापाराचा. तरी कोपऱ्यातली रंगसूची वाचल्याशिवाय घाबरू नका. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आता अर्ज. माझा चार पानी होता. गटार, मोकाट कुत्री, नळाचं पाणी सगळं लिहिलं, आणि घरासमोरच्या रस्त्याची रुंदी शेवटच्या ओळीत. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "आप चाहते क्या हैं?" आणि मी पानं चाळत बसलो. तेव्हा एका अर्जात एकच मुद्दा घ्या: जागा कुठली, मसुद्यात काय दाखवलंय, त्याऐवजी काय हवं. अर्ज हिंदीत लिहा. आपली मराठी घरी कितीही गोड असली तरी फाईल हिंदीतच चालते. नकाशाच्या त्या तुकड्याची झेरॉक्स लावून लाल पेनानं खूण करा आणि "मुझे सुनवाई का अवसर दिया जाए" हे वाक्य घालाच. दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सह्यांची मोहीम करावी का? करा, पण शंभर सह्यांच्या एका कागदापेक्षा वेगवेगळ्या घरांचे दहा अर्ज मला बरे वाटतात. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरचा अहवाल दिला, त्याआधी ते इथल्या गल्ल्या पायी फिरले होते. आता साहेब गल्लीत येत नाहीत, गल्लीच त्यांच्या टेबलावर न्यावी लागते.

संसदेनं डिसेंबर 1992 मध्ये शहरांच्या स्थानिक कारभाराची 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तिच्यानुसार महानगराच्या विकासाचा मसुदा करणाऱ्या महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश जागा निवडून आलेल्या लोकांच्या. म्हणून शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स नगरसेवकालाही द्या.

सुनावणीनंतरही राजपत्रावर नजर ठेवा. सरकारनं फेरफार करून प्लॅन मंजूर केला, तर त्या फेरफारांवर पुन्हा किमान 30 दिवस मिळतात. तेव्हा जुन्या अर्जाचा आवक क्रमांक नव्या अर्जात पहिल्याच ओळीत टाका.