मागाच्या शेजारी राहणाऱ्याने इअरबड्स कसे निवडावेत

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. मी घरूनच जीएसटीची कामं करते, दिवसभर पार्ट्यांचे फोन. त्यामुळे ‘वहिनी, नॉइज कॅन्सलेशनवाले कुठले घेऊ?’ असं गल्लीतली पोरं मलाच विचारतात. मी आधी एवढंच सांगते, की हे घातले म्हणून माग गप्प होत नाही.

बडवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतो, मग दोन्ही एकमेकींना मारतात. हे नीट जमतं ते एकसुरी, खर्जातल्या आवाजाशी: कूलर, एसी, हुतात्मा एक्स्प्रेसच्या डब्यातली घरघर. बोस कंपनीने १९८९ साली असा हेडसेट बाजारात आणला तोही वैमानिकांसाठी, इंजिनाच्या घरघरीवर. धोटा आपटल्याची खट्याक क्षणात येते नि जाते, तिथे उलटी लहर कमी पडते. माझ्या कानात एएनसी, म्हणजे हे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, सुरू झालं की मोटारीची घुमघुम जाते आणि खटखट उलट सुटी सुटी ऐकू येते.

ती खटखट अडवायची तर काम टिपचं, म्हणजे बडच्या टोकावरच्या रबराचं. डब्यात बहुतेक तीन मापं येतात. तिन्ही घालून बघाच. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी त्यात काही वावगं नाही. घालून जबडा हलवा, दोन वाक्यं बोला. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला तर कान नीट बंद झालाय. टिप नसलेले बड्स एएनसीसाठी घेऊच नका, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

नवी पेठेत दुकानात गेलात तर गाणं लावून बघू नका. गाणं सगळ्यांवरच बरं वाजतं. कूलरसमोर उभं राहून, काहीही न वाजवता एएनसी चालू-बंद करा. फरक लगेच कळतो. कानात दडा बसल्यासारखं वाटलं तर ते मॉडेल सोडा. ऑनलाइन घेणार असाल तर परतीचा नियम आधी वाचा, कानात घातलेली वस्तू अनेक ठिकाणी परत घेत नाहीत.

डब्यावरच्या ‘५० डीबी’ला, म्हणजे इतके डेसिबल आवाज कमी होतो या दाव्याला, भुलू नका. तो आकडा एखाद्या सोयीच्या पट्टीतला सगळ्यात मोठा असतो, सगळ्या आवाजांचा नाही. बॅटरीचे तासही बहुधा चार्जिंग केससकट आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले. आणि ईएनसी म्हणजे एएनसी नव्हे! ईएनसीने समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो, तुमच्या कानातला गोंगाट कमी होत नाही. स्वस्तातल्या डब्यावर नेमकं हेच ठळक छापतात. मला मात्र फोनसाठी दोन्ही लागतात, म्हणून दुकानाच्या दारात, रिक्षांच्या गोंगाटात उभं राहून घरी एक फोन लावायचा आणि ‘कसं ऐकू येतंय?’ विचारायचं.

कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतीच्या, वादात मी पडत नाही. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वेळी जोडता येतात का, ते मात्र बघते.

आपल्याकडे धूळ आणि सुताचे बारीक तंतू पार घरात येतात, बडच्या जाळीत बसतात आणि आवाज कमी होतो. डब्यावर धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी छापलेली असते. त्यातल्या आयपीएक्स४ मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही, चार आकडा पाण्याच्या शिंतोड्यांचा. आयपी५४ मिळाला तर तो घ्या. जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, सुई घालू नका.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे बड्स कानाच्या संरक्षणासाठी वापरू नयेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित मानते, आणि मागाचा आवाज त्याच्या बराच वर जातो. तिथे त्यासाठीच बनवलेले इअरप्लग किंवा इअरमफच लागतात. खटखटीवर मात करायला गाण्याचा आवाज वाढवणं तर त्याहून वाईट.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की केस स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते. आतली बॅटरी एवढीशी नि सीलबंद असते, ती सहसा बदलून मिळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: वॉरंटीत बिघडलं तर सोलापुरातच घेतात, की पुण्याला कुरिअर करायचं आणि खर्च कुणाचा? पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या.