पोस्टल ऑर्डर पाण्यात घालू नका! नव्या संग्राहकांनी टाळायच्या चुका

ब्रिटिश पोस्टल ऑर्डर जमवायला लागणारे बरेच जण तिकीटसंग्रहातून येतात आणि कागदावर तिकीट दिसलं की ते सोडवायला बघतात. कृपा करून हे करू नका.

पोस्टल ऑर्डर म्हणजे पोस्टात पैसे भरून विकत घ्यायची आणि दुसऱ्याला पाठवायची चिठ्ठी; ज्याच्या नावाची असेल तो ती पोस्टात वटवून पैसे घेई. ती ठरावीक रकमेची छापलेली असे. वर सुटे पेन्स पाठवायचे असले, तर तेवढ्याची तिकिटं तिच्यावरच चिकटवायची. म्हणजे ती तिकिटं रकमेचाच भाग. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना राजा सहाव्या जॉर्जच्या काळातली, दोन तिकिटं लावलेली ऑर्डर काउंटरफॉइलसकट (पाठवणाऱ्याने स्वतःकडे ठेवायच्या तुकड्यासकट) मिळाली होती. त्यांनी ती सवयीने कोमट पाण्यात घातली. तिकिटं सुटली, पण ज्याला पैसे द्यायचे त्याचं शाईने लिहिलेलं नाव धुऊन गेलं आणि पोस्टाचा शिक्का पसरून तारीख वाचता येईना. मिळालेली तिकिटं तर पैशाला पासरी!

याची मला चीड येते, कारण या ऑर्डरी उरल्यातच थोड्या. 1 जानेवारी 1881 पासून ब्रिटनमध्ये त्या कोट्यवधींनी विकल्या गेल्या, पण वटवलेली ऑर्डर पोस्टाकडे परत जायची आणि हिशेब झाला की नष्ट केली जायची. आज बाजारात येतात त्या बहुतेक वटवायच्या राहून गेलेल्या. धुतलेली ऑर्डर पुन्हा पहिल्यासारखी करता येत नाही.

दुसरी चूक तारखेची. पहिलं महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटनने पोस्टल ऑर्डरला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. तो फेब्रुवारी 1915 पर्यंतच टिकला. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर 1939 ते डिसेंबर 1940 असं पुन्हा घडलं. एवढ्या आधारावर काही विक्रेते पाचव्या जॉर्जची (पहिल्या महायुद्धाच्या वेळचा राजा) कुठलीही ऑर्डर ‘युद्धकाळातलं चलन’ म्हणून चढ्या भावाने खपवतात आणि घाईतले नवखे घेतात. 1916 चा शिक्का असलेली ऑर्डर चलन नव्हतीच. मी आधी शिक्का वाचतो, मग राजा बघतो आणि भाव सगळ्यात शेवटी विचारतो. फोटोत शिक्का स्पष्ट नसेल तर दुसरा फोटो मागवतो. विक्रेता टाळाटाळ करू लागला की व्यवहार तिथेच संपला.

गावाचं नावही त्याच शिक्क्यात असतं. छपाई ब्रिटिश असली तरी शिक्का माल्टाचा किंवा जिब्राल्टरचा असू शकतो. ‘ब्रिटन’ लिहिलेल्या पाकिटात सगळ्या ऑर्डरी कोंबणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

काउंटरफॉइल जोडलेलं असेल तर ते फाडू नका. अल्बममध्ये बसत नाही म्हणून कडा कापणार असाल, तर मोठा अल्बम घ्या.

लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. स्वस्त पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढतात, म्हणून मी पॉलिस्टरच्याच वापरतो.

नोकरीच्या अर्जाला किंवा माहिती अधिकाराच्या 10 रुपये शुल्कासाठी जोडतो, ती भारतीय पोस्टल ऑर्डर. तीही जरूर जमवा, पण तिची फाइल वेगळी ठेवा.