हुडीची नाडी: ओवायची कशी आणि पुन्हा निघू नये म्हणून काय करायचं

थंडी पडली की नाशिकमध्ये माझ्याकडे फॉल-पिकोच्या साड्यांबरोबर हुड्याही यायला लागतात. बऱ्याचशा कॉलेजच्या मुलांच्या, पाठीवर फेस्टचं नाव छापलेल्या. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, नाडी निघाली. कापड चांगलं, चेन चालू, बाह्यांच्या पट्ट्याही घट्ट, आणि एवढ्याशा नाडीपायी हुडी कपाटाच्या तळाशी जाते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे काम कुणालाही घरी जमतं. मशीन लागत नाही. सुई, दोरा, सेफ्टी पिन आणि थोडी चिकटपट्टी एवढ्यावर भागतं. मात्र नाडी नुसती ओवली तर काम अर्धंच झालं. टोपीच्या मधोमध टाके घालून ती पक्की केली नाही, तर आज ना उद्या धुण्यात पुन्हा निघणारच. त्या टाक्यांबद्दल पुढे सविस्तर सांगते.

एकच टोक आत गेलं असेल तर नाडी पूर्ण ओढून काढू नका. आधी बाहेर असलेल्या टोकाला आयलेटमधून, म्हणजे नाडी बाहेर येते त्या कडी लावलेल्या भोकातून, जाणार नाही एवढी गाठ मारून ठेवा. मग नेफा चाचपत आतलं टोक शोधा आणि ते कापडावरूनच चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने आयलेटकडचं कापड चुण्या करत त्या टोकावर चढवा, टोक तिथेच धरून ठेवा आणि मागचं कापड सरळ करा. असं करत गेलं की दर वेळी टोक थोडं थोडं पुढे सरकतं. आयलेटजवळ आलं की क्रोशाच्या सुईने अलगद बाहेर ओढता येतं.

नाडी पूर्ण निघाली असेल तर ओवण्याआधी नेफ्याची शिवण सगळीकडून पाहून घ्या. कुठे चार टाके उसवले असतील तर पिन तिथून टोपीच्या दोन थरांमध्ये शिरते, आणि मग ती तुम्ही कितीही पुढे ढकलली तरी आयलेटपर्यंत पोचत नाही. उसवलेला भाग हाताने उलटी टीप घालून आधी बंद करा. हुडीचं कापड होजिअरीचं, ताणणारं असतं, म्हणून दोरा करकचून ओढू नका. ओढला तर टोपी घालताना तो तुटतो.

परकरात नाडी ओवायला घरोघरी जुन्या टूथब्रशचा दांडा ठेवलेला असतो. हुडीला तो चालत नाही. परकराच्या नेफ्याचं तोंड मोठं असतं, हुडीच्या आयलेटमधून मात्र जेमतेम नाडीच जाते. त्यामुळे बंद केल्यावर जिचं डोकं आयलेटमधून सहज आत जाईल अशीच सेफ्टी पिन निवडा. नाडीच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत ती आरपार टोचा, बंद करा आणि वरून चिकटपट्टीचा एक घट्ट वेढा द्या. पट्टीमुळे पिन आत उघडत नाही आणि नाडीचे धागेही कशात अडकत नाहीत. पिन मोठी पडत असेल तर बॉलपेनची संपलेली रिफील घ्या आणि नाडीचं टोक तिला पट्टीने चिकटवा. रिफील गोल आणि लवचीक असते, म्हणून वळणावर छान जाते. मागच्या टोकाला गाठ मारायला विसरू नका, नाहीतर पुढचं टोक बाहेर येईपर्यंत मागचं आत गेलेलं असतं.

टोपीच्या मधल्या शिवणीशी पिन हमखास अडते. तिथे कापडाचे बरेच थर एकावर एक येतात आणि शिवणीचं आत सुटलेलं कापड वाटेत आडवं येतं. जोर लावू नका. पिन दोन बोटं मागे घ्या, तिचं डोकं नेफ्याच्या दुमडलेल्या कडेला टेकवा आणि त्या कडेकडेने पुढे न्या. नाडी चपटी असेल तर मधूनमधून तिचा पीळ काढत चला.

जुनी नाडी अजून आतच आहे, पण विटली किंवा विरली म्हणून बदलायची आहे, असं असेल तर काम फारच सोपं. जुन्या नाडीचं टोक आणि नव्या नाडीचं टोक एकमेकांसमोर ठेवून दोऱ्याने शिवा. एकावर एक ठेवू नका, जाडी वाढते. मग जुनी नाडी दुसऱ्या बाजूने हळूहळू ओढा, तिच्यामागोमाग नवी आपोआप आत येते.

नवी नाडी शिवणसाहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. टोपीच्या कडेने एका आयलेटपासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या आणि दोन्ही बाजूंना लोंबण्यासाठी पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर धरा. मोठ्या माणसाच्या हुडीला साधारण सव्वा ते दीड मीटर लागते. मी विणलेली सुती नाडीच घ्यायला सांगते. पॉलिस्टरची गुळगुळीत नाडी दिसायला झकपक असते, पण तिची गाठ टिकत नाही आणि ती सारखी सरकते. सुती नाडी ओवण्याआधी एकदा धुऊन वाळवून घ्या. ती आत गेल्यावर आटली तर टोपीच्या कडेला चुण्या पडतात. रंगीत नाडी असेल तर ओली असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर ती फिक्या हुडीत घालू नका.

टोकांचा बंदोबस्त नाडीच्या जातीवर ठरतो. कापलेला छोटा तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिस्टरचं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरलं की धागे आपसात चिकटतात. ते बोटाने दाबू नका, वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटून भाजतं. सुती नाडीच्या टोकाला जाड दोऱ्याचे शेजारी-शेजारी घट्ट वेढे द्या आणि शेवटी सुई आरपार काढून गाठ मारा. हे टोक वर्षानुवर्षं राहतं. नाडीच्या टोकाला दुकानातल्यासारखं कडक टोपण हवं असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरींवर घालायची हीट श्रिंक नळी मिळते. नाडीपेक्षा किंचित मोठी नळी दीड-दोन सेंटिमीटर कापून चढवा आणि लायटरची ज्योत थोडी लांब ठेवून फिरवत गरम करा. नळी आकसून घट्ट बसते.

आयलेटच निखळली असेल तर भोकाच्या मागे जाड सुती कापडाचा किंवा जुन्या जीन्सचा तुकडा लावल्याशिवाय नवी बसवू नका. होजिअरीचं कापड भोकापासून उसवत जातं आणि नुसत्या कापडावर आयलेट तग धरत नाही. बसवून द्यायचं काम चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे होतं, त्यांच्याकडे पंच असतो. किंवा आयलेट नकोच म्हणा, आणि तुकड्यासकट भोकाभोवती काजाचे टाके घाला. मला स्वतःला हे जास्त आवडतं. गंजायला धातूच नसतो, नाडीही घासत नाही.

आता त्या मधल्या टाक्यांचं. नाडी ओवून झाली की हुडी टेबलावर पसरा आणि टोपीची कड दोन्ही हातांनी पूर्ण ताणून घ्या, एकही चुणी राहू देऊ नका. दोन्ही टोकं एकमेकांशी जुळवून लांबी सारखी करा. टोपीच्या मध्यावर, म्हणजे मधल्या शिवणीवर, नाडी टाचणीने धरा. तिथे मधली शिवण नसेल तर टोपी दुमडून मध्य काढा. कापडाच्या रंगाच्या दुहेरी दोऱ्याने नेफा आणि नाडी यांतून आरपार पाच-सहा टाके एकाच जागी घाला. शिवणीच्या खाचेत घातले तर दिसतही नाहीत. टोपी आवळायला याने काहीच अडचण येत नाही, कारण नाडी मध्यापासून दोन्ही बाजूंना ओढली जाते. नवी हुडी घरी आली की पहिल्या धुण्याआधी हे टाके घाला असं मी प्रत्येकाला सांगते. वॉशिंग मशीनमध्ये नाडीचं एक टोक दुसऱ्या कपड्यात गुंतून ओढलं जातं आणि दुसरं आत पळतं. टाके असले की ओढ तिथेच थांबते. धुताना दोन्ही टोकं सैल बांधून हुडी उलटी केली तर आणखी बरं.

लहान मुलांच्या हुडीची नाडी निघाली असेल तर मात्र ती परत घालू नका, आणि शाबूत असेल तरी काढून टाका. घसरगुंडीच्या फटीत किंवा बसच्या दारात नाडी अडकून मुलांच्या गळ्याला फास बसल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यामुळेच अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या जाकिटांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी नको अशा सूचना काढल्या. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकातही सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि मानेपाशी नाडी चालत नाही. आपल्याकडे बाजारात मात्र दोन वर्षांच्या बाळाच्या हुडीलाही लांब नाड्या सर्रास दिसतात. माझ्याकडे अशी हुडी आली की मी आईला हे समजावते, नाडी काढते आणि दोन्ही भोकं आतून शिवून बंद करते. वाऱ्यात टोपी उडू नये म्हणून हनुवटीखाली छोटी पट्टी लावून तिला टिचबटण बसवते. ओढ बसली की ते आपोआप सुटतं.