सर्व्हायव्हल ॲनालिसिसचे उत्तर पटत नसेल तेव्हा काय तपासावे

सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे मृत्यूसारखी एखादी घटना घडेपर्यंतच्या कालावधीचे विश्लेषण, करताना सॉफ्टवेअरने एरर दाखवली, तर एका अर्थी ते बरेच म्हणायचे. खरा घोळ होतो तो कसलीही कुरकुर न करता छापल्या गेलेल्या चुकीच्या उत्तराने. म्हणून हॅझार्ड रेशो (दोन गटांतील घटनेच्या जोखमीचे गुणोत्तर) किंवा पी-व्हॅल्यूकडे वळण्यापूर्वी आउटपुटमधील एकूण नोंदींची आणि घटनांची संख्या मूळ डेटाशी ताडून पाहावी. हे दोन आकडे जुळत नसतील, तर पुढचे वाचण्यात अर्थ नाही.

आकडे न जुळण्याचे कारण बहुधा स्टेटसच्या, म्हणजे घटना घडली की नाही हे सांगणाऱ्या स्तंभाच्या, कोडिंगमध्ये सापडते. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधील ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजसोबत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२८ रुग्णांचा ‘लंग’ हा डेटा येतो. त्यात १ म्हणजे सेन्सॉर्ड (निरीक्षण संपेपर्यंत मृत्यूची नोंद नसलेला रुग्ण) आणि २ म्हणजे मृत्यू असे कोड आहेत. सर्वांत मोठा कोड २ आहे हे पाहून आर १६५ मृत्यू बरोबर मोजते आणि मीडियन (निम्मे रुग्ण जिवंत राहण्याचा अंदाजित कालावधी) ३१० दिवस देते. हाच डेटा स्टेटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन, डेटाची मांडणी सांगणाऱ्या ‘एसटीसेट’ या कमांडला फक्त स्टेटसचे नाव दिले, तर शून्य नसलेला प्रत्येक कोड घटना धरला जातो, सगळेच्या सगळे २२८ रुग्ण मृत ठरतात आणि मीडियन २५५ दिवसांच्या आसपास घसरते. आरही याबाबतीत पूर्ण निर्धोक नाही, कारण एखाद्या उपगटात केवळ १ हाच कोड उरला, तर ते सारे सेन्सॉर्ड रुग्ण घटना म्हणून मोजले जातात. सॅस या तिसऱ्या सॉफ्टवेअरची तऱ्हा आणखी वेगळी आहे: तिथे स्टेटसच्या नावापुढील कंसात घटनेचा नव्हे, तर सेन्सॉर्ड नोंदीचा कोड लिहायचा असतो. या सगळ्यावर उपाय एकच आणि साधा आहे. ० आणि १ एवढेच कोड असलेला नवा स्तंभ स्वतः तयार करावा, आणि १ म्हणजे घटना हे प्रत्येक कमांडमध्ये स्पष्ट लिहावे.

कोडिंग ठीक असूनही नोंदी कमी भरत असतील, तर कालावधीचा स्तंभ पाहावा. ऋण कालावधी म्हणजे तारखांची अदलाबदल, हे उघड आहे. शून्य कालावधी मात्र फसवा असतो, कारण स्टेटा अशा नोंदी विश्लेषणातून वगळते, तर आरचे कॉक्स मॉडेल (हॅझार्ड रेशो काढणारे मॉडेल) त्या ठेवते. अभ्यासातील प्रवेश आणि मृत्यू एकाच दिवशी झाला असल्यास अर्धा दिवस धरण्याची पद्धत आहे. ती वापरल्यास अहवालात तसे नमूद करावे. आरमध्ये वेळेसह नोंदलेल्या दोन तारखांची वजाबाकी केली, तर तास की दिवस हे एकक आर स्वतः ठरवते, म्हणून ते आपणच सांगितलेले बरे.

‘कोइफिशंट (मॉडेलने चलाला दिलेला गुणक) अनंत असू शकतो’ अशा अर्थाची वॉर्निंग आली आणि स्टँडर्ड एररही अवाढव्य दिसली, तर त्या चलाच्या प्रत्येक गटात किती घटना आहेत याचा तक्ता करावा. एखाद्या गटात बहुधा एकही घटना नसते. इटरेशन (गणनेच्या फेऱ्या) वाढवून येथे काहीच साधत नाही. कोइफिशंट आणि स्टँडर्ड एररवर आधारलेली वॉल्ड चाचणीही अशा वेळी भरवशाची राहत नाही. लाइकलिहूड रेशो चाचणी पाहावी किंवा कोइफिशंट मर्यादेत ठेवणारी फर्थची पद्धत वापरावी. गट एकत्र करणे हाही मार्ग आहे, परंतु त्याला विषयाच्या अंगाने आधार असला पाहिजे.

मीडियनच्या जागी ‘एनए’ दिसणे हा बिघाड नव्हे; जीविततेचा वक्र ०.५ पर्यंत उतरलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ठरावीक मुदतीपर्यंतची जीवितता द्यावी.

दोन सॉफ्टवेअरची उत्तरे दुसऱ्या-तिसऱ्या दशांशात वेगळी पडत असतील, तर एकाच वेळी घडलेल्या घटना कशा हाताळल्या आहेत ते पाहावे. आर मुळात एफ्रॉनची पद्धत वापरते, स्टेटा आणि सॅस ब्रेस्लोची. दोन्हीकडे एफ्रॉन निवडल्यावरही फरक उरला, तर मॉडेलच्या चलांमध्ये रिकाम्या जागा असल्यामुळे कोणत्या नोंदी गळल्या, हे तपासावे.