बंद पडलेल्या नॅसमधला डेटा कसा काढावा

नॅस म्हणजे नेटवर्कवरून वापरायची, फायली साठवणारी डिस्कची पेटी. आधी तिचा ॲडॅप्टर तपासा. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले तरी लोड आला की ते कोसळू शकतात. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा. पोलॅरिटी (पिनची प्लस-मायनस बाजू) जुळायलाच हवी.

तरीही सुरू न झाल्यास डिस्क काढा आणि प्रत्येकीवर तिच्या कप्प्याचा क्रमांक लिहा. 3.5 इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून स्वतःचा ॲडॅप्टर असलेला साटा डॉक (डिस्क यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारा स्टँड) घ्या. विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल. अजिबात करू नका! सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांची नॅस लिनक्सवर चालतात, त्यांची फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) विंडोजला वाचता येत नाही. उबुंटू या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू होतो) लावा, एमडीएडीएम या लिनक्सच्या कमांडने ॲरे (एकत्र चालणाऱ्या डिस्कचा संच) जोडा, ‘रीड-ओन्ली’ माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता उघडा. रेड म्हणजे डिस्क एकत्र वापरायची पद्धत: रेड 1 मध्ये प्रत्येक डिस्कवर तीच प्रत असते, म्हणून एक डिस्क पुरते; रेड 0 मध्ये डेटा तुकड्यांत वाटलेला असतो, म्हणून सगळ्या लागतात. डिस्क खटखटली तर लगेच वीज तोडा.