'वाइल्ड गनमन'मध्ये गोळी लागत नाही? या चुका टाळा

माळ्यावरून जुना टीव्ही गेम उतरवला, '९९९९९ इन १'ची कॅसेट फुंकर मारून बसवली, 'वाइल्ड गनमन' लावला. काउबॉय ऐटीत चालत येऊन समोर उभा राहिला, आपण चाप ओढला आणि मेलो आपणच. मग बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन बंदूक उघडायला बसतात. तेवढं करू नका. माझ्या मामेभावाने एका मे महिन्याच्या सुट्टीत केलं होतं. चापाची स्प्रिंग कपाटाखाली गेली ती गेलीच.

मुळात या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. नळीत भिंग आणि त्यामागे सेन्सर. ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच गुंडाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो दिसला तर गुंड आडवा. सगळा खेळ सेकंदाच्या काही साठाव्या भागांचा.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक म्हणजे एलसीडी किंवा एलईडी टीव्ही. तो चित्र जरा उशिरा दाखवतो, तोवर गेमने 'नेम चुकला' म्हणून नोंदही करून टाकलेली असते. शिवाय हा गेम काढणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या मूळ 'झॅपर' बंदुकीत बल्बचा उजेड गाळायला फिल्टर आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर, म्हणजे डबा टीव्हीवर, सेकंदाला साधारण १५ हजार रेषा आखल्या जातात, हा फिल्टर त्या तालावर बसवलेला. सपाट पडद्यावर तो तालच नाही. सेटिंग कितीही चाळा, उपयोग शून्य. डबा टीव्ही भंगारात देऊन बसला असाल तर सिंडेनसारखी कॅमेऱ्याची नवी बंदूक आणि एम्युलेटर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर), हाच मार्ग.

डबा टीव्ही असूनही नेम लागत नाही? चाप ओढल्यावर पडदा लखलखतो का, बघा. लखलखत नसेल तर वायर, चाप किंवा पिन. बंदूक बहुधा दुसऱ्या पोर्टला लागते, आपण घाईत पहिल्यात खुपसतो. लखलखत असेल तर ब्राइटनेस तपासा. फार कमी असेल तर पांढरा चौकोन मळकट दिसतो, फार जास्त असेल तर काळा पडदाही राखाडी. पाच-सहा फुटांवर बसा आणि भिंगावरची धूळ कोरड्या इअरबडने टिपा.

आता आपल्या चुका. १९८४चा हा गेम नेमापेक्षा धीर जास्त बघतो. गुंडाचे डोळे चमकून 'फायर' यायच्या आधी चाप ओढला की फाउल. वर दिसणारा आकडा म्हणजे तो किती वेळात गोळी झाडणार. तो आधी वाचा. दोन गुंडांच्या फेरीत बंदूक दोघांच्या मधोमध धरून दोघेही पडतील अशी आशा नको, चौकोन प्रत्येकाचा वेगळा असतो. सलूनच्या (दारूच्या गुत्त्याच्या) फेरीत तर एकाच खिडकीवर नजर लावून बसलात की दारातला हमखास टिपतो.